पॅच सारखा सुटतो, रिपोर्टात नॉइज येतो? आधी वेळ बघा

"मॅडम, पॅच निघाला."

मार्च उजाडला की हे फोन सुरू होतात. बहुतेक तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "मी काहीच केलं नाही बघा, आपोआप सुटला."

सोलापुरात एका हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात अकरा वर्षं मी ईसीजी (हृदयाच्या विजेची रेघ), होल्टर (तीच रेघ २४ तास टिपणारं, अंगावर बांधायचं यंत्र) आणि आता पॅच (तेच काम चौदा दिवस करणारं, छातीवर गोंदाने चिकटवायचं छोटं यंत्र) लावायचं काम करते. लावायचा, काढायचा, डेटा उतरवून घ्यायचा आणि डॉक्टरांपुढे ठेवण्याआधी त्यातला कचरा, म्हणजे नॉइज, बाजूला करायचा. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते. पॅच लावून घरी गेलेल्यांसाठी आहे आणि या कामात नव्याने आलेल्या पोरापोरींसाठीही.

तक्रारी फिरून फिरून तीनच. पॅच सुटतो, खाज येते, आणि सगळे दिवस नीट घालूनही रिपोर्टात "डेटा अपुरा" असा शेरा येतो. मग लोक मशीनला नावं ठेवतात आणि नवा पॅच मागतात. नवा लावला की तोही चौथ्या दिवशी हातात. मशीन क्वचितच बिघडलेलं असतं. बिघाड असतो तो कातडी आणि पॅच यांच्या मधल्या केसभर जागेत. तो कसला आहे हे ओळखायला मी आधी एकच गोष्ट बघते: रेघ कधी बिघडली. दिवस कितवा आणि वाजले किती.

एवढा नाजूक का असतो हा प्रकार

छातीवर मिळणारा हृदयाचा विद्युत संकेत साधारण एक मिलीव्होल्टचा. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलचा दीड हजारावा भाग. तो पॅचपर्यंत यायचा तर वाटेत कातडीचा वरचा मेलेला थर आडवा येतो, आणि तो थर वीज सहजी सोडत नाही. म्हणून इलेक्ट्रोडखाली, म्हणजे पॅचमधल्या वीज टिपणाऱ्या चकतीखाली, खारट, ओलसर जेल असतं. ईसीजीचे जनक आइन्थोव्हेन तर रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसवायचे. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या पॅचखालचं जेल म्हणजे त्याच भांड्यांचा चिमूटभर अवतार. ते सुकलं किंवा कडेने हवा शिरली की रेघ बिघडली.

ज्यांच्या नावाने आपण "होल्टर लावलं" म्हणतो त्या नॉर्मन होल्टर यांचं १९४० च्या दशकातलं पहिलं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं, आणि ते पाठीवर बांधून फिरावं लागायचं. "पॅच फार जड वाटतो" म्हणणाऱ्या पेशंटला मी हे सांगते. ते हसतात, पण त्यांना जड वाटायचं काही थांबत नाही.

मग २४ तासांचं होल्टर लावून मोकळं का होऊ नये? हे आमचे डॉक्टर सांगतात ते असं. २०१४ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. १४६ रुग्णांना होल्टर आणि १४ दिवसांचा पॅच दोन्ही एकदम लावले होते. पहिल्या २४ तासांत होल्टरने ठोक्यांतल्या ६१ गडबडी पकडल्या, पॅचने ५२. होल्टरला लीड, म्हणजे एकाच वेळी निघणाऱ्या रेघा, जास्त, तेव्हा पहिल्या दिवशी तोच सरस. पण पुढचे सगळे दिवस धरले तेव्हा पॅचच्या ९६ झाल्या. पॅचची कमाई आहे ती दिवसांची. तो चौथ्या दिवशी सुटला तर तुम्ही पैसे पॅचचे दिलेत आणि काम होल्टरचंच झालं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुटतो

पहिल्या काही तासांतच कड उचलली गेली तर चूक लावणाऱ्याची, म्हणजे आमची. कातडीवर तेल होतं, केस राहिले होते किंवा स्पिरिट पूर्ण उडायच्या आत घाईने पॅच चिकटवला. आपल्याकडे सकाळी अंगाला खोबरेल लावून, वर पावडर मारून, छातीला बाम चोळून पेशंट येतात आणि अभिमानाने सांगतात, "स्वच्छ आंघोळ करून आलोय." त्या थराला गोंद चिकटतो, कातडीला नाही.

मी काय करते ते सांगते. केस मशीनने बारीक कापते. वस्तऱ्याने नाही, कारण वस्तऱ्याने बारीक चिरा पडतात आणि दोन दिवसांनी तिथेच आग होते. मग साबण-पाणी, कोरडं फडकं, नंतर स्पिरिट, आणि ते उडेपर्यंत गप्प उभं राहणं. पाकिटात खरखरीत पट्टी असेल तर तिने हलक्या हाताने दोन-चार घासे. कातडी किंचित गुलाबी दिसली की बास, लाल करायची नाही. मेलेला थर तेवढा निघाला तरी रेघेतला फरक स्क्रीनवर लगेच दिसतो. पॅच ठेवल्यावर मधून कडेकडे दाबत न्यायचा आणि पूर्ण दोन मिनिटं तळहात तसाच धरायचा. हा गोंद दाबाने आणि अंगाच्या उबेने बसतो. त्या दोन मिनिटांत पेशंट आपल्याकडे बघत असतो आणि आपल्याला अवघडल्यासारखं होतं, म्हणून नवीन पोरं दहा सेकंदांत हात काढतात. तिथेच पुढचे चार फोन ठरतात.

पहिले २४ तास आंघोळ नको. नंतर चालेल, पण पाठीवर पाणी घ्या. छातीवर धार नको, साबण नको, आणि टॉवेलने टिपायचं, चोळायचं नाही.

आता चौथ्या दिवसाचं कोडं. बरेच महिने मला वाटायचं की गोंद चार दिवसच टिकतो. मग एका पेशंटच्या डायरीत "आज पाणी" असं लिहिलेलं दिसलं आणि डोक्यात उजेड पडला. आपल्या शहरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. त्या दिवशी अवघं घर पहाटेपासून कामाला जुंपलेलं असतं: टाकी भरणं, बॅरल भरणं, भरलेल्या बादल्या जिन्याने वर नेणं, साठलेलं धुणं, आणि शेवटी मनसोक्त अंग घासून आंघोळ. पॅच उन्हाने कमी आणि पाण्याच्या दिवसाने जास्त सुटतात. तेव्हापासून पॅचची तारीख देताना मी विचारते, "तुमच्याकडे पाणी कधी?" पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी लावला की गोंद बसायला मधे तीन-चार कोरडे दिवस मिळतात. पाण्याच्या दिवशी बादल्या दुसऱ्या कुणीतरी उचलाव्यात, हे मी सासू-सुना दोघी समोर असताना सांगते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. ब्लाउजची कड किंवा ब्राचा पट्टा पॅचवर घासत असेल तर तो हमखास उचलला जातो. ही अडचण त्या स्वतःहून बोलत नाहीत, विचारावी लागते. थोडा सैल ब्लाउज घालून या म्हणून आधीच सांगितलं तर लावतानाच जागा नीट ठरवता येते.

कड उचललीच तर ओढून बघू नका. घाम टिपा, तळहाताने दाबा, आम्हाला कळवा. वरून घरातली चिकटपट्टी मारू नका. खाली घाम कोंडतो आणि सगळा पॅचच सरकतो.

संध्याकाळी सातला "हृदय बिघडतं"

होटगी रोडकडच्या एका मावशींचा पॅच होता. सॉफ्टवेअरने रोज संध्याकाळी सातच्या सुमारास लाल खूण करून ठेवलेली: व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून येणारे, जीवघेणे ठरू शकणारे जलद ठोके. एक दिवस नाही, सलग पाच दिवस. हा आपोआप निघणारा कच्चा रिपोर्ट त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर गेला आणि तो रात्रभर झोपला नाही.

सकाळी मी त्या वेळेच्या रेघेची पट्टी मोठी करून बघितली. वरवर बघाल तर खरंच घाबरावं अशी: रुंद, उंच, एकसारख्या लाटा. पण त्या लाटांवर ठराविक अंतराने बारीक टोकदार खाचा दिसत होत्या. लाटा सुरू व्हायच्या आधीचे ठोके मोजले, नंतरचे मोजले. मधल्या खाचा त्याच अंतराने, एक पाऊल न चुकता चालत होत्या. म्हणजे हृदय आपल्या चालीने चाललं होतं आणि वरून दुसरंच काहीतरी थाप मारत होतं.

थापच होती ती. घर मोठं, माणसं अकरा, आणि ज्वारीच्या भाकऱ्या मावशी स्वतःच करतात. परातीत दोन्ही हातांनी भाकरी थापताना छातीचे स्नायू आणि त्यांवरची कातडी तालात हलते, आणि पॅचला तो ताल ठोक्यांसारखाच दिसतो. दात घासतानाही हेच होतं, आणि ते तर जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. आपल्याकडे त्यात भाकरीची भर. मावशींना मी म्हटलं, भाकऱ्या बंद करू नका, फक्त डायरीत वेळ लिहा. भाकऱ्या बंद केल्या तर आम्हाला दिसेल ते तुमचं रोजचं हृदय नसेलच.

पॅच लावलेल्यांनी आणि त्यांच्या मुलांनी एवढं लक्षात ठेवावं: मशीनने केलेली लाल खूण म्हणजे निदान नव्हे. माणसाने पट्टी बघेपर्यंत ती फक्त शंका असते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. छातीत दुखतंय, दम लागतोय, चक्कर येऊन पडलात, तर पॅच आहे म्हणून घरी वाट बघत बसू नका. तो नोंद करतो, धावून येत नाही. १०८ ला फोन करा.

दिवसभर काटेरी रेघ

कुंभारीच्या एका अक्कांचा पहिला पॅच जवळजवळ वाया गेला. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत रेघ अशी दिसायची जणू कुणी तिच्यावर निवडुंग लावलाय. रात्री मात्र स्वच्छ. मी विचारलं, "अक्का, दिवसभर काय करता?" म्हणाल्या, "काय करणार, विड्या."

मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, खांदे पुढे झुकलेले, बोटं अखंड चालू. पॅचची नेहमीची जागा छातीच्या डाव्या बाजूला वर, म्हणजे नेमकी त्या मोठ्या स्नायूवर, आणि तो स्नायू दिवसाचे नऊ तास काम करतोय. स्नायूचा हा काटेरी नॉइज फिल्टरने पूर्ण जात नाही, कारण तो हृदयाच्या संकेतातच मिसळलेला असतो. फिल्टर जास्त मारला तर खऱ्या ठोक्याची टोकंही बोथट होतात. डॉक्टरांना विचारून दुसरा पॅच मी मधल्या हाडाकडे सरकवून लावला. तिथे स्नायू कमी. ही जागा मनाने बदलायची नाही, कारण जागा बदलली की रेघेचा आकारही बदलतो.

रात्री रेघ जाड होते

रात्रीच, आणि जाडी अगदी एकसारखी? मग घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा नॉइज. लोखंडी कॉट, उशाशी कूलर, कूलरला अर्थिंगच्या नावाने शून्य. कॉट दोन हात सरकवा, चार्जर अंथरुणातून काढा. इलेक्ट्रोड घट्ट असेल तर हा त्रास मुळात कमी होतो, तेव्हा आधी कड तपासा. तंत्रज्ञांसाठी एक गोष्ट: बाहेरून आलेल्या मशीनवर फिल्टर कधीकधी ६० हर्ट्झवर असतो, अमेरिकेच्या विजेप्रमाणे. मी स्वतः यात दोन दिवस घालवलेत.

खाज

इथेही वेळच सांगते. पहिल्या दिवशी थोडी चुणचुण स्वाभाविक आहे. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढे पुरळ आले तर ते घामोळं. दुपारी पंख्याखाली बसा, सुती घाला, पॅचच्या कडेने गार ओलं फडकं फिरवा. पॅचखाली पावडर किंवा मलम सरकवायचा प्रयत्न करू नका. त्याने खाज जात नाही, पॅच मात्र जातो.

काढल्यावर पॅचच्या आकाराचा लाल ठसा दिसतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो. तो गोंदाचा ओरखडा, घाबरण्यासारखं नाही. पण लाली पॅचच्या कडेबाहेर पसरत असेल, फोड येत असतील, दिवसागणिक वाढत असेल तर ती ॲलर्जी असू शकते. अशा वेळी "चौदा दिवस पूर्ण करतेच" असा हट्ट नको. फोन करा, काढून टाकू. सिलिकॉनचा गोंद सौम्य असतो, पकड थोडी कमी, पण नाजूक कातडीला तोच बरा. काढताना फाडकन ओढू नका. कडेला खोबरेल सोडा, पाच मिनिटं थांबा, मग पॅच कातडीला समांतर, सावकाश मागे दुमडत न्या. लावताना जे खोबरेल आपलं वैरी, ते काढताना कामाला येतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका काकांनी मला विचारलं होतं, "हे गोंदाचं कशाला, कापडातच विणता येत नाही का?" येतं की. चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्याचे इलेक्ट्रोड बनियनसारख्या कपड्यात विणतात. जेल नाही, गोंद नाही, खाज नाही. गंमत अशी की त्या कापडाला घाम लागतो. कोरड्या अंगावर पहिली काही मिनिटं रेघ वाईट येते, घाम फुटला की सुधारते. म्हणजे आपला उन्हाळा पॅचचा वैरी आणि त्या बनियनचा मित्र. अडचण घट्टपणाची: सैल झालं की सरकतं, घट्ट केलं की दिवसभर कुणी घालत नाही. कातडीसारखे ताणले जाणारे, नागमोडी तारांचे पातळ सेन्सरही आहेत. २०११ साली अमेरिकेतल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने ते 'सायन्स' मासिकात दाखवले. काकांना मी तो फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "ताणा बरोबर आहे, बाणा कुठाय?" म्हणजे उभा धागा दिसतोय, आडवा कुठे आहे?

"घड्याळ आहे की हातात"

मनगटावरचं स्मार्टवॉच हिरव्या प्रकाशाने रक्ताची लाट मोजतं. ते नाडी सांगतं, ईसीजी नव्हे. ज्यात ईसीजीची सोय असते त्यातही दुसऱ्या हाताचं बोट ३० सेकंद लावून धरावं लागतं, ते आपोआप दिवसभर चालत नाही. पट्टा सैल असेल तर चालताना पावलांचा वेगच नाडी म्हणून दाखवतं. आणि आपल्या आज्यांच्या मनगटावर गोंदण असतं. त्या हिरव्यानिळ्या शाईत प्रकाश अडकतो आणि आकडे गायब होतात. एका नातवाने दोन घड्याळं बदलली, आजीच्या गोंदणाकडे काही बघितलं नाही. दुसऱ्या मनगटावर बांधा, हाडाच्या थोडं वर. बांगड्या पुढे सरकवून.

मोबाइलला जोडलेला पॅच "डिस्कनेक्ट" दाखवत असेल तर फोनमधला बॅटरी सेव्हर बंद करा आणि फोन त्याच खोलीत ठेवा. बऱ्याच पॅचमध्ये स्वतःची मेमरी असते, तेव्हा जोडणी तुटली म्हणजे नोंद गेलीच असं नाही.

डायरी

पॅचवर बटण असतं. धडधडलं, अंधारी आली की ते दाबायचं आणि वेळ लिहायची. "रोजची कामं केली" याचा मला काडीचा उपयोग नाही. "६:५० भाकऱ्या", "५:३० पहाटे पाणी", "जिना दोनदा" असं हवं. लोक चांगल्या अक्षरात काहीच नसलेली डायरी आणतात आणि मळक्या कागदावर सगळं असतं.

कुंभारीच्या अक्कांना लिहिता येत नव्हतं, घरात घड्याळ बंद पडलेलं. दुसरा पॅच लावताना त्या म्हणाल्या, मी कट्ट्यावर सांगते, म्हणजे विड्यांचं कितवं बंडल बांधत होते त्यावरून. पंधराव्या दिवशी आल्या तेव्हा पॅच जागच्या जागी, कडा थोड्या काळ्या पडलेल्या. पिशवीत विडी बांधायच्या दोऱ्याचा एक तुकडा होता आणि त्याला तीन गाठी. पहिली गाठ सहाव्या दिवसाची, दुसऱ्या दोन अकराव्या दिवसाच्या. "अकराव्या दिवशी जेवल्यावर बसले, चौथा कट्टा बांधत होते, तेव्हा छातीत पाखरू फडफडल्यासारखं झालं. दाबलं बटण. थोड्या वेळानं परत."

डेटा उतरवला. अकरावा दिवस, दुपारी २:४०, बटणाची खूण. या वेळी काटे नव्हते, स्वच्छ रेघ. ठोक्यांमधलं अंतर कुठेच सारखं नव्हतं आणि प्रत्येक ठोक्याआधीचा छोटा उंचवटा गायब. एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल सुटणं, म्हणायला अशी रेघ ३० सेकंद पुरते. इथे चार मिनिटं होती, आणि सव्वातीनला पुन्हा दोन. मी पट्टी छापली, दोरा तिच्यावरच टाचला आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.